साफसफाईचं साहित्य

नाही काका, तसं नाही चालत — 'सौंदर्यप्रसाधनं' लिहिलंत ते खोटं आहे असं मी कुठं म्हणते — पण चारातल्या दोन खोक्यांत नेलपॉलिश काढायचं पाणी आहे, आणि ते पेट्रोलसारखं पेटतं. बसा ना, उभे का? तुमचे चार खोके म्हणजे कंटेनरचा एक कोपरा, उरलेल्या जागेत आणखी अकरा जणांचा माल — कुणाच्या गाद्या, कुणाची पुस्तकं, कुणाचं शिवणयंत्र — एकाने लपवलं की अकरा जणांच्या गळ्याशी येतं. म्हणून खरं लिहायचं, बाटल्या ठरलेल्या पेटीत भरायच्या, वर लाल चिठ्ठी लावायची आणि जहाजवाले हो म्हणेपर्यंत थांबायचं. किती म्हणजे? तीन आठवडे, कधी पाच. मुलीच्या दुकानाचं उद्घाटन आहे, कळतंय मला, तीनदा सांगितलंत.

साहेबांशी बोलणं झालंय? होणारच. साहेब फोनवर 'बघून घेतो' म्हणतात आणि बघायला मी बसते — बारा वर्षं, ह्याच खिडकीत — सही माझी असते, साहेबांची नाही. एवढ्याशा मालाने काय होतंय — माझा दीरही हेच म्हणाला होता. पोहण्याच्या तलावात टाकायची पावडर, सहा डबे, परदेशातलं त्याचं पहिलंच गिऱ्हाईक — वहिनी, एवढं एकदाच. रोज समोर जेवायला बसणारा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? लिहिलं मी 'साफसफाईचं साहित्य' — तेही खोटं नव्हतं. माल रचताना मुकादम खिडकीशी आले, म्हणाले, "ताई, डब्यांना उग्र वास येतोय, वेगळे ठेवू का?" मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, फिनाईल असेल, ठेवा कुठंही.

त्यांनी ठेवले — शेजारी गाडीच्या ब्रेकच्या तेलाचे कॅन. चार दिवस कंटेनर आवारात उन्हात उभा, एक कॅन गळला, तेल पावडरीत उतरलं — तेल लागलं की ती आपोआप पेटते — आणि फटीतून धूर. धावले कोण? मुकादमच — कुठं काय रचलंय ते त्यांनाच ठाऊक ना. दार उघडलं आणि जाळ तोंडावर. एक डोळा गेला, दुसऱ्याने माणसाची सावली तेवढी दिसते. चौकशीत कागद स्वच्छ निघाले. माल चुकीचा रचला म्हणून ठपका मुकादमांवर, नोकरी गेली. मला विचारलं — रचण्याआधी कुणी काही विचारायला आलं होतं का? मी नाही म्हटलं. आणि त्यांच्या जबाबात माझं नावच नाही — का नाही घेतलं, ते मला अजून उमगलेलं नाही. एकदा घरी गेले होते त्यांच्या, सगळं सांगायचं ठरवून. माझ्या आवाजावरून ओळखलं त्यांनी, म्हणाले, "ताई, तुमचं काम नीट चाललंय ना?" मी चहा प्यायले, उठले, आले.

असं का बघताय? हे मी — माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही हे. तुम्हाला नियम सांगत होते मी, नियमच सांगत होते. हा घ्या कोरा फॉर्म, खरं लिहा, नाहीतर खोके परत न्या. आणि काका, उद्या याल तेव्हा दुसऱ्या खिडकीवर या.

पुढचं कोण आहे?