टेपची मागली बाजू

हॅलो?… हॅलो… कोण, आत्माराम भाऊजी?… मी राही… केळशीहून, पोस्टातनं बोलतेय… हो, हो, तुमची राही वहिनी… बरी हायत सगळी… भाऊजी, त्यांना वरच्या खोलीतनं बोलवा ना जरा… काय?… फोनवर येत नाय म्हणतायत?… भाऊजी, पाया पडते तुमच्या. सांगा त्यांना, राही सकाळपासून पोस्टात बसलीय म्हणावं. आये पण आल्यायत, दारातल्या बाकावर बसल्यायत म्हणावं… हां… हां, थांबते.

मास्तर, ठेवायला लावू नका हो. बोलवायला गेलेत.

…हॅलो?… अहो?… तुमीच ना?… बोला ना काय तरी…

जेवलात?… नाय, असंच विचारलं.

हो… वाडीतल्या बाबूनं मुंबईला येऊन तुमाला सांगितलं ते खरं हाय… सगळ्यांनी ऐकलं… हो, सगळ्यांनी…

अहो, ऐका ना. आधी ऐका! तुमी सांगितलंत तसंच केलं मी. तुमी पाठवलेल्या टेपची पहिली बाजू आयेसाठी नि वाडीसाठी, मागली बाजू एकट्या माझ्यासाठी… माहीत हाय मला, पहिली संपली की मशीन खटकन बंद होतं, तेव्हा कॅसेट काढून घ्यायची. पण दाजींचं जुनं मशीन बिघडलंय. म्हणून भिकाजी भाऊजींच्या ओटीवर लावलानी. मस्कतहून आणलेलं, नवं… त्यात कॅसेट उलटी घालावी लागत नाय. एक बाजू संपली की मागली आपोआप सुरू… मला काय ठाऊक? त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं!

मी चहाचे कप गोळा करीत होते. तुमी सगळ्यांना नमस्कार सांगितलात, आयेला औषध घ्या म्हणालात, माणसं उठायला लागली… नि परत तुमचाच आवाज. ‘राही, एकटीच हायस ना?’

…रडू नका. अहो, असं रडू नका ना…

धावले ना भाऊजी बंद करायला. पण बटणं सगळी इंग्रजीत. घाबरून भलतंच फिरवलानी, आवाज उलटा वाढला… हो, डॉक्टरांचं पण… ‘मूल होत नाय त्यात दोष माझा हाय राही, तुझा नाय’… ते पण ऐकलं…

चिठ्ठी? चिठ्ठी पाठवली असतीत तर मास्तरांकडनंच वाचून घेतली असती ना? मला कुठं वाचता येतं! एका मास्तरांपासून लपवायला टेप केलीत, नि अख्खी वाडी ओटीवर येऊन बसली… नशीब आपलं, दुसरं काय.

कॅसेट चुलीत घातली मी, त्याच दिवशी… पण काय उपयोग? भिकाजी भाऊजींचा पोरगा बाबल्या पहिल्यापासून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेत होता. तुमच्या गमती परत ऐकायच्या म्हणून… हो, त्या मशीनवर तसं पण होतं म्हणे… आता बंदरावर लावतात पोरं. कुठं कुठं जाऊन जाळू मी?

कोण?… हो बाई, वाढवा. अजून तीन मिनिटं वाढवा.

हां, बोला… आये?… मग परवा मला जवळ बोलावलानी, नि… माझी वेणी घातलानी. तेल लावून. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा… हो, त्याच आये, ज्या मला सणासुदीला ओटीच्या ताटाला हात लावू देत नव्हत्या… ‘पोरी, मी तुला लय बोलले’ म्हणाल्या… बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? लय बरं वाटलं.

ते राहू द्या. शिमग्याला कधी येताय?… येणार नाय म्हणजे?… मग आपल्या दारात पालखी आली की खांद्यावर कोण घेईल?… फाका मारतात पोरं होळीपुढं, त्या दरवर्षीच मारतात. शिव्याच त्या… तुमच्या नावानं मारतील, हो, मारतील… म्हणून काय गाव सोडायचा?…

कधीच नाय?… कधीच म्हणजे?… नाय हो, समुद्राचं नाव काढू नका… असं अभद्र बोलू नका…

काय?… मोठ्यानं बोलू?… कसं बोलू मोठ्यानं? पोस्ट भरलंय. गोदाकाकी हाय, दाजी हायत, मनीऑर्डरीला आलेली माणसं हायत. सगळी गप्प उभी. मास्तर तिकिटं चिकटवतायत, पण कान इकडंच. लाईनीवरची बाई पण ऐकत असेल… नाय, कोण बाजूला होत नाय…

…

अहो. आता मी बोलीन त्यात तोंड घालू नका. माझी शपथ हाय तुमाला.

हॅलो! आता येतंय का ऐकू?… टेपात माझ्यासाठी खोटं का बोललात?… हो, खोटंच! डॉक्टरांनी तुमच्यात काय दोष नाय म्हणून सांगितलं होतं ना?… मला दापोलीच्या डॉक्टरीणबायनं सांगितलं, दोष माझ्यात हाय. माझ्यात! मी रडत बसले, म्हणून माझं मन राखायला तुमी स्वतःवर घेतलंत. कोण नवरा घेतो असं स्वतःवर?…

गप्प. गप्प बसा ना… माहीत हाय मला. हळू सांगते, मी दापोलीची डॉक्टरीण कधी बघितली पण नाय… बोलू द्या. मला वांझ म्हणून घ्यायची सवय हाय हो. तुमाला नाय व्हायची…

मूल मला होत नाय! त्यांचा काय दोष नाय!… ऐकलंत?… शिमग्याला या. मान वर करून या, कोण काय बोलणार नाय… ‘येतो’ म्हणा. एवढंच म्हणा… अहो, रडता काय, ‘येतो’ म्हणा ना… बाई, थांबा, तोडू नका, ते बोलतायत… अहो?… हॅलो?… हॅलो?…

तुटला, मास्तर.

गोदाकाकी, ऐकलंस ना नीट?… मग सांग वाडीत.

…आये कुठं गेल्या? आत्ता बाकावर ऐकत बसल्या होत्या ना?… आये!… आये, थांबा ना. मी येतेय.