आक्कांची कंपनी

आमच्या काशीआक्कांचं डोकं किती चालतं, ते सांगते. उमरग्यात आमचा बायकांचा गट कडक भाकरी करून विकतो. गटाची कंपनी करायचं ठरलं, तर सगळ्यांत थोरल्या आक्काच अडून बसल्या.

"कंपनी झाली की मालक येतो, आन् आपण मजूर हुतो. म्या न्हाय येणार."

आक्का नाहीत म्हटल्यावर बाकीच्याही कचरल्या.

शेजारच्या समिनाताई हायस्कूलला इंग्रजी शिकवतात. त्यांनी आक्कांना समजावलं, "आक्का, हा शब्द जुन्या लॅटिनमधून आलाय. एका भाकरीतलं मिळून खाणारे, ते सोबती. कंपनी म्हणजे मुळात असे सोबती."

"व्हय? मग आपण रोज दुपारी दुसरं काय करतो गं? चला, करू कंपनी!"

पुढं माहिती द्यायला एक साहेब आले. आम्ही नेमक्या जेवायला बसलो होतो. आक्कांनी आपली भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं धरली.

साहेब म्हणाले, "नको, जेवून आलोय. आधी कंपनीचं बोलू."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "बोलू की. पण तुमी अजून कंपनीत आलाच न्हाय, साहेब."

साहेबांनी मांडी घातली आणि ती अर्धी भाकरी हातात घेतली.