प्रश्न सुटला, पंचाईत झाली

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. गाल सुजला होता आईचा, पण तोंड पडलं होतं लेकीचं.

"तुझं ते उन्हाळ्याचं शिबिर बारगळलं का?"

"नाही गं. सहा जण येतायत. नुकतीच पीएचडी झालेली पोरं. दोन आठवडे मिळून गणितातला एकच प्रश्न सोडवणार."

"मग?"

"तो सुटला."

"कोणी सोडवला?"

"मीच. परवा अंघोळ करताना."

"मला काही उमगत नाही बाई. प्रश्न सुटला की रडायचं असतं का तुमच्यात?"

"आई, कोणालाच सुटला नाही म्हणून तर ती पोरं येतायत. आता येऊन काय करतील?"

"तुझं उत्तर बघतील."

"त्यांचं स्वतःचं काहीतरी व्हायला हवं गं. अजून नोकऱ्या लागायच्यात त्यांना."

"मग सांगू नकोस."

"म्हणजे दोन आठवडे उत्तर येत नसल्याचं सोंग आणू?"

"तुझी शाळेतली गणितं घेताना मी काय करायचे? आधी मागच्या पानावरचं उत्तर बघून ठेवायचे."

"पण तू तर म्हणायचीस, मलाही जमत नाहीये."

"नव्हतंच जमत. उत्तर तेवढं ठाऊक असायचं."

"आणि माझं उत्तर चुकलेलं असलं तर?"

"पुस्तकातलंही एकदा चुकलं होतं की. तूच तर दाखवलंस मला."