अर्धा बोर्ड

वाटणीची केस आली की मी आता आधी विचारतो, दुकानाला बोर्ड आहे काय? हिंगणा रोडला दोघा भावांचं तर्री पोह्यांचं दुकान होतं. मी त्यांचा वकील. म्हटलं, "कोर्टात कशाला जाता, सगळं अर्धं-अर्धं करा." त्यांनी दुकानात मधोमध भिंत घातली अन् बोर्डही करवतीने मधोमध उभा कापला. त्यावर वरच्या ओळीत होतं "गरमागरम तर्री पोहे", खाली "आमची कुठेही शाखा नाही", त्यातलं "नाही" चांगलं मोठ्या अक्षरात.

आठवड्याने धाकटा आला. "वकीलसाहेब, गिऱ्हाईक दारातूनच परत जाऊन राहिलं."

जाऊन पाहिलं. मोठ्याच्या दारावर "गरमागरम आमची कुठेही शाखा". धाकट्याच्या दारावर "तर्री पोहे नाही".

म्हटलं, "अरे, उतरव ना गा तो बोर्ड."

"काहून उतरवू? माह्या हिश्श्याचा आहे."