लोकयीच्या वाट्या

—नाही नाही, हात बाहेर काढू नका, जावईबापू. आता जावई नाही म्हणा, पण तोंडाची सवय जात नाही. आल्याला माती राहिली की मडकं नासतं — तुम्हाला कशाला सांगू, आजच तुमचं नासलं. पाणी गार आहे? असणारच, विहिरीचं आहे, दिवस थंडीचे. धुवा सावकाश. सगळं शुंडे गाव पालथं घालून आलात ना? मुरलेला शिरका आजच्या आज कोण देणार? माझ्याकडेच यावं लागलं.

मुलगा झाला म्हणून मडकं उघडलंत, तर वर बुरशी होती म्हणता? विहीणबाईंनी घट्ट झाकलं होतं की. ते मडकं मीच भरून दिलेलं, माझी लेक साऊयिंग पोटुशी असताना — काळा गोड शिरका, जून आलं. बाळंतिणीला त्यात डुकराचे पाय शिजवून घालायचे, अंगातला गारठा निघतो. मग वाट्या गल्लीभर. त्या गेल्या नाहीत तर घरात मूल आलं हे लोकांनी ओळखायचं कशावरून? आलं होतं मूल. मुलगी आली — आणि विहीणबाई म्हणाल्या, झाकण लावा परत, नातू झाला की उघडू. लावलं कुणी? तुम्हीच लावलंत. एकदा ओली पळी बुडाली की ते मडकं टिकत नाही, मला ठाऊक होतं. सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि काढा? डांगग्वायची मुळी, भाजलेली सुंठ, पुड्या बांधून पाठवायचो मी — त्या तुमच्या दारामागं लटकत राहिल्या. आणि माझी पोर, ओली बाळंतीण, नळाखाली दुपटी धूत बसलेली, असल्याच थंडीत — हात काढू नका म्हटलं ना! लाल झाली बोटं? तिची निळी पडायची. लहानपणी याच बोटांनी माझी दाढी ओढायची ती. आता हिवाळ्यात तिला कढई उचलवत नाही. मनगटात वारं शिरलं ते शिरलं. लेकीला पाठीशी बांधून चालत आली ती माझ्याकडे. मी काही बोललो तुम्हाला? मडकी भरत राहिलो.

ते कोपऱ्यातलं मोठं मडकं ना? होतं तयार. वाकून बघा. रिकामं. सकाळीच संपलं. पहिली वाटी तुमच्या नव्या बायकोला, काढ्यासकट — साऊयिंगनं मागच्या दारानं नेऊन दिली. तिनं काय केलंय? खाऊ दे बिचारीला गरम गरम. बाकीच्या तुमच्याच गल्लीत, दारोदार. तुमच्या मुलाच्या नावानं? छे. लोकयीच्या. माझ्या नातीच्या. यंदा शाळेत जायला लागली, स्वतः वाटत फिरली — घ्या हो काकी, मी जन्मले म्हणून. कुणाची गं तू, असं कुणी विचारलंही नाही. नाक हुबेहूब बापाचं, तुझं आहे. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं, विहीणबाईंच्या खिडकीखाली.

हे आलं? हे पुढच्या बाळंतिणीसाठी. छान धुतलंस, राहू दे तिथंच. हात पूस. त्याला नको, ते लोकयीचं दुपटं आहे. ऊठ आता. आणि जाताना दार नीट ओढून घे — साऊयिंग येईल एवढ्यात, तिला वारं सोसत नाही.