पेडलखालचं लाकूड

जमलेल्या आप्तांनो, मार्केटातल्या भावांनो, आणि समोर बसलेल्या शालिनीवहिनी,

मला माइकपुढे उभं राहायची सवय नाही. गाडीखाली झोपायची आहे. गाडीखाली असलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही, बोलणं सोपं जातं. इथे सगळ्यांची तोंडं दिसतात. आणि ज्याचं दिसायला पाहिजे, ते हार घालून भिंतीवर आहे.

मी नामदेव. मिस्त्री. शाळा सातवीपर्यंत. बाप हातमागावर साड्या विणायचा. माग बंद पडला आणि मी इंजिनाकडे वळलो. जे काही येतं ते उघडून उघडून आलं. दिनकररावांच्या फळांच्या गाड्या तीस वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येत होत्या.

दिनकरराव गेले त्याला आज तेरा दिवस झाले. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी माणूस नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तापानंच गेले. पण घराबाहेर मांडवात काही मंडळी हळू आवाजात बोलत होती. या वयात ती गाडी पळवली, छातीवर ताण आला, असं. ते वहिनींच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली.

“भाऊ, ते लाकूड जागेवर होतं ना?”

मी म्हणालो, होतं. तेव्हा मला तेवढंच माहीत होतं. पूर्ण मला परवा कळलं. वहिनी, ते पूर्ण आज सांगायचं आहे. तुम्हाला घरी येऊन सांगितलं असतं, पण कुजबूज चार लोकांत झाली, म्हणून सांगणंही चार लोकांत व्हावं.

कोणतं लाकूड, हे बाकीच्या मंडळींना कळणार नाही. पहिल्यापासून सांगतो.

आमच्या दिनकररावांचा धंदा काटोलकडच्या संत्र्यांचा. संत्र्याची गाडी कशी चालवायची हे तुम्हाला माहीत आहे. खड्ड्यात आदळली की खालचा थर दबतो. आज दिसत नाही, तिसऱ्या दिवशी डाग पडतो. म्हणून दिनकरराव प्रत्येक ड्रायव्हरच्या खिडकीशी उभे राहून तेच सांगायचे. हळू चाल. ब्रेक हळू. वळण हळू. तीस वर्षं मी तेच ऐकलं. स्वतःची जीपसुद्धा ते अशी चालवायचे की मागून बैलगाडीनं हॉर्न द्यावा.

असा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी एक स्पोर्ट्स कार घेऊन माझ्या दारात उभा राहिला. सेकंड हँड, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, इंजिन पाठीमागे. करडा रंग. मी विचारलं, संत्र्याचा रंग काहून नाही घेतला. म्हणाले, तो तर दिवसभर पाहतोच ना गा.

मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. म्हटलं, हिला नागपुरात चालवणार कुठे? आपले स्पीडब्रेकर तर हिचं पोटच फाडतील. तेव्हा त्यांनी सांगितलं. दक्षिणेत एक ट्रॅक आहे. तिथे हौशी लोकांसाठी दिवस ठेवतात, ट्रॅक डे म्हणतात. ती शर्यत नाही. फी भरायची, हेल्मेट घालायचं, पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते, आपली गाडी आपण फिरवायची. समोरून कोणी येत नाही. मागून वेगाची गाडी आली की हात दाखवून जाऊ द्यायचं. बक्षीस नाही, ढाल नाही. आपली मघाची फेरी आणि आपली आताची फेरी, एवढाच मुकाबला.

मी म्हटलं, शेठ, हे काय खूळ. त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

“आयुष्यभर लोकायले हळू चाल, हळू चाल म्हणत आलो, मिस्त्री. एकदा अशा जागी जायचं हाय, जिथं मले कोणी हळू चाल म्हणत नाही.”

मी बोनेट उघडायला गेलो, तर तिथे डिकी निघाली.

त्यानंतर आठ दिवसांनी वहिनी माझ्या गॅरेजवर आल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. ऑइलच्या डब्यावर वर्तमानपत्र अंथरून बसल्या. मला म्हणाल्या, “मी त्यायले नाही म्हणणार नाही. कधी काही मागितलं नाही त्या माणसानं. पण तुमी पाहा, भाऊ. तुमच्या हातात हाय.” मी शब्द दिला. काही होऊ देणार नाही, म्हटलं.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? त्या गाडीत सगळं कॉम्प्युटरवर. तिथे माझी विद्या चालत नाही. माझा हात ब्रेक, टायर आणि ऑइलपुरता. मग मी माझ्या घरातलं शोधलं. बापाच्या मागाचा धोटा होता, ताण्यातून इकडून तिकडे धागा घेऊन जातो तो. वर्षानुवर्षं मार खाऊन खाऊन गुळगुळीत झालेलं लाकूड, फुटत नाही, दबत नाही. माझ्या डोक्यात आलं, धोटा कितीही जोरात फेकला तरी काठाशी थांबतो. तो मी कापला. बापाचा धोटा कापला. त्याचा दोन बोटांचा तुकडा केला आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलमागे, मॅटखाली, दोन स्क्रूंनी बसवला. आता पेडल पुरतं दबणारच नाही. गाडी पळेल, पण पोटभर पळणार नाही.

दिनकररावांना सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी मला चिवड्याचा डबा पाठवला.

पहिल्या ट्रॅक डेला मी सोबत गेलो. गाडी ट्रकवर चढवून पुढे पाठवली, आम्ही दोघं रेल्वेनं. तिथे सगळी पंचविशी-तिशीतली पोरं. शिकवणारी एक मुलगी होती, ती म्हणाली, अंकल, वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. दिनकरराव म्हणाले, बाई, हे तर मी तीस वर्षांपासून सांगून राहिलो. त्या दिवशी सगळे त्यांना मागे टाकून गेले. प्रत्येकाला ते हात दाखवून वाट देत होते, लग्नात पाहुण्यांना पुढे करावं तसं. हेल्मेट काढलं तेव्हा घामानं भिजलेले आणि चेहरा असा, की तीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

दोन वर्षांत पाच वेळा गेलो. दर वेळी परत आल्यावर मी मॅट उचलून पाहायचो. लाकूड जागेवर. मग वहिनींना फोन करायचो. वहिनी, लाकूड जागेवर आहे. आणि दर वेळी दिनकररावांची फेरी आधीपेक्षा लवकर व्हायची. मला नवल वाटायचं. मग मीच त्याचा अर्थ लावला. म्हटलं, पाय अडला म्हणून वळणं शिकले. माझ्या लाकडानं शिकवलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

परवा मी त्या गाडीची बॅटरी पाहायला गेलो. बसल्या बसल्या मॅट उचलली. लाकूड होतं. पण या वेळी मी टॉर्च लावून नीट पाहिलं. स्क्रूंची डोकी झिजलेली. मी ते स्क्रू एकदा आवळले, पुन्हा हात लावला नाही. मग झिजले कसे? स्क्रू काढून पाहिले तर भोकांमध्ये आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. भोक ढिलं झालं की आपण काडी घालतो ना, तशा. हा उद्योग माझा नव्हता. डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर त्यात माझा पेचकस. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेला. दोन वर्षं मी तो शोधत होतो.

मी त्या गाडीत बसून राहिलो. आणि मला चहा आठवला.

वहिनी, ट्रॅकवर दर वेळी पहिल्या पाळीआधी दिनकरराव मला म्हणायचे, मिस्त्री, चहा घेऊन या. कँटीन पार दुसऱ्या टोकाला. मला साखरेचा आजार, मी चहा फिका घ्यायचो, तरी पाठवायचे. दिवसाची शेवटची पाळी संपली की पुन्हा, मिस्त्री, एक चहा. मी कुरकुरायचो. म्हणायचो, शेठ, माझे गुडघे पाहा. ते म्हणायचे, जा ना गा, चालणं चांगलं असते.

मी चहा आणायला जायचो आणि ते लाकूड काढायचे. मी चहा आणायला जायचो आणि ते लाकूड परत बसवायचे.

मला आधी समजायला पाहिजे होतं. जो माणूस संत्रं नुसतं हातात घेऊन आत रस किती ते सांगतो, त्याच्या पायाला दोन बोटांचं लाकूड कळणार नाही? बहुतेक पहिल्याच दिवशी कळलं असेल. मला एका शब्दानं विचारता आलं असतं. ते लाकूड कचऱ्यात फेकता आलं असतं. पण मी घरी येऊन मॅट उचलणार, हे त्यांना माहीत होतं. उचलून कोणाला फोन करणार, हेही माहीत होतं. माझा शब्द तुमच्यापुढे पडू नये, आणि तुमची झोप जाऊ नये, म्हणून तो माणूस दर वेळी घामेजलेल्या अंगानं वाकून, त्या अडचणीत, दोन स्क्रू आवळत बसायचा.

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे. गाडी ट्रॅकवर पळत होती तेव्हा लाकूड जागेवर नव्हतं. ते पूर्ण वेगानं चालवत होते. आणि पाचही वेळा गाडीला एक ओरखडा न लावता परत आले. गेले ते तापानं, गाडीनं नाही. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला, पण तुम्हाला सांभाळलं त्यांनीच, आणि मलाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. त्यांच्यावर नको.

हा तो तुकडा. परवा काढला तो. गाडी ठेवायची की विकायची ते तुम्ही ठरवा, पण ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे हे लाकूड जाणार नाही. हे तुमच्या हातात देतो.

आता उभे राहू या. त्यांची शेवटची फेरी दोन मिनिटांहून थोडी जास्त होती. तेवढाच वेळ उभं राहायचं आहे, घड्याळ मी पाहतो.

दिनकरराव, नमस्कार करतो. या वेळी मी चहाला जात नाही, इथेच उभा आहे.

आणि मंडळी, एवढी एक फेरी त्यांना कोणी मनातसुद्धा हळू चाल म्हणू नका.