मध्यंतराला चार-शून्य

ताई: पाय पूस आधी. आणि ते दार नीट लाव. मध्यंतराला चार-शून्य होतं म्हणतोस, मग हरलात कसे?

भाऊ: तेच तर सांगतोय. चार-शून्य, ताई. वरच्या गटात गेल्यातच जमा होतो. सत्तावीस वर्षं आपला संघ खालच्या गटात कुजतोय आणि आज पंचेचाळीस मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही. पाच-चार.

ताई: बस. हे मटार घे, बोलता बोलता सोल.

भाऊ: मला नकोत मटार.

ताई: तुला नसतील, मला हवेत. हाताला काम असलं की तुझं तोंड सरळ चालतं. लहानपणापासूनचं आहे ते.

भाऊ: दुसऱ्या हाफमध्ये आपले बॅक जेवून फिरायला निघाल्यासारखे चालत होते. एक तर बुटाची नाडी बांधत बसला आणि चेंडू त्याच्या कानाजवळून गेला. तो छापखान्यातला जाड्या प्रेक्षकांना हात हलवून दाखवत होता. चार-एक झालं तरी हसतायत. चार-दोन झाल्यावर ट्रेनर उठला, मग एकमेकांवर खेकसायला लागले. नळावरची भांडणं बरी.

ताई: आणि गोलकीपर?

भाऊ: गोलकीपरचं काय?

ताई: तुझ्या पोराचं विचारतेय. पाच गोल त्यानं खाल्ले आणि तू आल्यापासून अकरा जणांपैकी दहांचा उद्धार केलास. त्याच्याबद्दल चकार शब्द नाही.

भाऊ: बॅकच जागेवर नसतील तर कीपर काय करणार?

ताई: खालचा टेलर येऊन गेला तुझ्याआधी. मैदानावरून थेट इथं. म्हणाला, पाचही गोल डाव्या बाजूनं गेले आणि पोरगा जागचा हललासुद्धा नाही. लोक म्हणतात, पोरगा विकला गेला.

भाऊ: टेलर म्हणाला असं?

ताई: लोक म्हणतात, असं टेलर म्हणाला. म्हणजे पहिल्यांदा तोच म्हणाला असणार. मी त्याला सांगितलं, माझं ब्लाउजचं कापड न शिवता परत आणून दे.

भाऊ: फाटकातच ऐकलं मी. तीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली माणसं. एकजण म्हणाला, बापाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली आणि पोरानं मॅच सोडून दिली. मी मान खाली घालून निघून आलो.

ताई: काही बोलला नाहीस?

भाऊ: काय बोलणार?

ताई: माझा मुलगा तसा नाही, एवढं तरी. भर पावसात पोस्टमनशी ऑफसाइडवरून अर्धा तास भांडणारा माणूस तू. त्याची पत्रं भिजली होती त्या दिवशी. आणि पोटच्या पोराला लोक चोर म्हणतात तेव्हा तुला बोलता येत नाही? छोट्या, दाणे केराच्या टोपलीत टाकतोयस तू. ठेव ते खाली. इकडे बघ. विकला गेला का तो?

भाऊ: नाही.

ताई: मग?

भाऊ: त्याला डावीकडचं दिसत नाही.

ताई: म्हणजे?

भाऊ: दोन हिवाळ्यांपूर्वी डोळ्याला बूट लागला होता, आठवतं? सूज उतरली, डोळा वरून चांगला दिसतो. समोरचं त्याला दिसतंही. पण त्या बाजूला पडदा ओढल्यासारखं झालंय. डॉक्टर म्हणाले, हे आता परत यायचं नाही, खेळणं बंद करा. त्यानं मला शपथ घातली. संघ वर जाईपर्यंत, बाबा, तोवर कुणाला सांगू नका. त्याची आई गेल्यापासून माझ्याकडे त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं, ताई. मी हो म्हणालो.

ताई: मलाही सांगितलं नाहीस.

भाऊ: तुला सांगितलं असतं तर तू त्याला घराबाहेर पडू दिलं नसतंस.

ताई: नसतंच दिलं. पण दोन वर्षं एका डोळ्यानं खेळला कसा तो?

भाऊ: मी होतो ना.

ताई: तू काय करणार होतास?

भाऊ: मी कुठं उभा राहतो ठाऊक आहे ना? त्याच्या गोलमागे, जाळीला लागून. तिथून मी ओरडत असतो. सगळे हसतात, म्हातारा पिसाटलाय म्हणतात. त्यामुळं कुणाला संशयच आला नाही. डावीकडून कुणी निघाला की मी ओरडायचो, डावं. मग लांब, जवळ, वर. तो माझ्या आवाजावर झेप घ्यायचा. या वर्षी सगळ्यात कमी गोल खाल्ले त्यानं. पेपरात आलं होतं. तूच कापून ठेवलंस.

ताई: आणि आज?

भाऊ: मध्यंतरात बाजू बदलतात. तो पलीकडच्या गोलमध्ये जातो, म्हणून मलाही पलीकडे जावं लागतं. गुडघ्यांमुळं मी शिट्टीच्या पाच मिनिटं आधीच निघतो. आज निघालो तर वाटेत क्लबचे सेक्रेटरी आडवे आले. म्हणाले, कुठं चाललात, आज तुम्ही आमच्यात बसायचं. छपराखाली, पुढच्या रांगेत. कुणी चहा आणला, कुणी खांद्यावर हात टाकला. सेक्रेटरी म्हणाले, असा पोरगा आमच्या घरात का नाही निपजला. मी मनात म्हटलं, चार गोल आहेत. पंचेचाळीस मिनिटांत काय होतंय? आणि बसलो.

ताई: अरे देवा.

भाऊ: पहिला गोल गेला तेव्हा मी गोष्ट सांगत होतो, ताई. चहा हातात होता माझ्या.

ताई: नऊ वर्षांचा होतास तू. बाबांचा डबा घेऊन जायचास आणि वाटेत मैदान लागायचं. डबा गार व्हायचा आणि बाबा उपाशी. एकदा त्या छपराखाली जाऊन बसलास, तर रखवालदारानं कॉलर धरून बाहेर काढलं तुला. फाटलेली कॉलर मीच शिवली, आईला कळू नये म्हणून. तेव्हापासून तू गोलमागे उभा. तिथून चांगलं दिसतं, असं सगळ्यांना सांगायचास. मला माहीत होतं ते खरं नाही म्हणून.

भाऊ: दुसऱ्या गोलला उठलो. पण माणसं कुंपणाला चिकटलेली, वाट देईनात. म्हणतात, बसा हो, पोरं जिंकतायत. मी ढकलत निघालो. स्कोअरबोर्डच्या मागे पोचलो तेव्हा चार-तीन. तिथून दिसत नाही, नुसता आवाज येतो. आवाजावरून कळलं, चार-चार. गोलमागे पोचलो तेव्हा दोन मिनिटं राहिली होती. त्यांचा तो बुटका डावीकडून येताना मला स्पष्ट दिसला. मी तोंड उघडलं. दम इतका लागला होता की आवाजच फुटला नाही. मी तिथं उभा होतो, ताई. जाळीला हात लावून उभा होतो.

ताई: पाणी पी.

भाऊ: बॅकना शिव्या घालत आलो मी इथवर. अख्खा रस्ता. चार गोलांची आघाडी मी घालवली.

ताई: तो कुठं आहे आता?

भाऊ: माहीत नाही. त्याच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. आता डोळ्याचं सांगावं तर त्याचं खेळणं संपलं. न सांगावं तर तो विकला गेलेला. तूच सांग, काय करू?

(दार वाजतं. गोलकीपर मुलगा खांद्यावर पिशवी घेऊन आत येतो.)

मुलगा: आत्या, बाबा इथं असतील असं वाटलंच मला.

ताई: ये. असा समोर बस. जेवला नसशील.

मुलगा: भूक नाही. बाबा, मी सांगून टाकलं.

भाऊ: कुणाला?

मुलगा: सगळ्यांना. कपडे बदलायच्या खोलीत. ट्रेनरना पटेना. मग मी उजवा डोळा झाकला आणि म्हटलं, बाजूनं बोटं आणा, किती ते विचारा. त्यांनी तीनदा विचारलं. नंतर ते बाकावर बसले. छापखान्यातला जाड्या रडायला लागला. मला त्याची समजूत काढावी लागली.

भाऊ: कशाला सांगितलंस? मी बोललो असतो लोकांशी. काहीतरी सांगितलं असतं.

मुलगा: विकला गेला म्हणत होते. मला एकट्याला म्हणाले असते तर चाललं असतं. तुमचंही नाव घेत होते.

भाऊ: मी तुला सांगायला हवं. मध्यंतरात मी...

मुलगा: दिसलं मला.

भाऊ: काय दिसलं?

मुलगा: छप्पर माझ्या उजव्या हाताला होतं, बाबा. त्या बाजूचं मला सगळं दिसतं. तुम्ही पुढच्या रांगेत होतात.

भाऊ: मग हाक का नाही मारलीस? हात करायचास. कुणालातरी पाठवायचंस.

मुलगा: चेहरा नाही दिसला इतक्या लांबून. हात दिसले. दोन्ही हात हलवून कुणाला तरी गोष्ट सांगत होतात, आई असताना सांगायचात तशी. म्हटलं, चार गोल आहेत. बसू दे त्यांना.

ताई: तुम्ही दोघंही ना. एकाच मातीचे.

मुलगा: हातमोजे बदली कीपरला देऊन आलो. बेकरीत काम करतो तो. हात चांगले आहेत, पण घाबरतो फार. पुढच्या रविवारी पहिलीच मॅच आहे त्याची.

भाऊ: मी नाही जाणार आता मैदानावर.

मुलगा: मी गोलमागे उभा राहून बघितलं आज. सगळे गेल्यावर. तुम्ही उभे राहता त्या जागी. तिथून काहीच दिसत नाही हो, बाबा. जाळीच दिसते नुसती. इतकी वर्षं तुम्ही काय बघत होतात?

भाऊ: सवय होते.

मुलगा: त्या बदली पोराला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. पण मागं कुणी नसलं तर तो पहिल्या दहा मिनिटांतच खचेल.

ताई: छोट्या, तो तुला विचारतोय.

भाऊ: बेकरीतला ना? काय म्हणून हाक मारतात त्याला?